पावावरची चार बोटं

सासऱ्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांना दुधात भिजवलेला पाव तेवढा गिळता येऊ लागला. त्यातही बाजारच्या पावाला एकदा बुरशी निघाली, तेव्हापासून त्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही. माणूस दिवसेंदिवस खंगतोय, पण हट्ट जागच्या जागी! शेवटी मीच म्हटलं, घरी करते. बुलढाण्याच्या शाळेत पोरांना विज्ञान शिकवते मी, एक पाव फुगवता येऊ नये?

नाही आला. ओव्हनमधून वीट निघाली.

दुसऱ्या दिवशी नवं यीस्ट आणलं. कोमट पाण्यात साखर घालून त्यात सोडलं, तर भसाभस फेस आला. म्हणजे यीस्ट जिवंत होतं. मीठ वेगळं, मैद्यात कालवलं. थंडीचे दिवस म्हणून परात गॅसजवळ ठेवली. आंघोळीला जाताना पाहिलं, तर ओल्या फडक्याखाली गोळा चांगला दुप्पट झालेला. आंघोळ करून आले, शाळेच्या घाईत नीट न बघताच ओव्हनमध्ये सरकवला, आणि पुन्हा वीट! सासऱ्यांनी तुकडा तोंडात धरला आणि हळूच वाटीत काढून ठेवला. "राहू दे बेटा," म्हणाले. असा संताप आला मला! यीस्ट विकणाऱ्याला, मैदेवाल्याला, सगळ्यांना मनातल्या मनात झोडपलं. त्यात नवरा म्हणाला, "चालू दे तुहा प्रयोग." त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी आंघोळीला जाताना टॉवेल विसरले म्हणून अर्ध्यातून परत आले. सासूबाई परातीपाशी उभ्या. फडकं बाजूला, आणि चारही बोटं गोळ्यात खोल रुतवलेली.

"आई! काय करून राह्यल्या तुम्ही?"

"बोटं उमटवून राह्यले," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुले त ध्यानच नाही राहत. रोज मलेच उमटवा लागतात."

मळलेली कणीक तशीच गोल, गुळगुळीत ठेवायची नाही, पिंडासारखी दिसते. पोळ्यांच्या कणकेवर मीही बोटं दाबते, हात आपोआप जातो. पावाच्या पिठाचं माझ्या डोक्यातच आलं नाही. पण तेव्हा हे कुठलं सुचायला!

"तुमच्या त्या बोटांपायी ते उपाशी आहेत! सगळी हवा काढून टाकता तुम्ही!"

"घरात माणूस असा पडला हाय, अन् तू पिंड झाकून ठेवतं?" त्याही कडाडल्या. मग बोटांचं पीठ पदराला पुसलं. "मले भेव लागते वं."

माझा राग काही उतरला नाही. शाळेत रजा कळवली, आदळआपट करत नवा मैदा मळला आणि बजावलं, हात लावायचा नाही. त्या परातीसमोर पाट घेऊन बसल्या, दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून. मीही राखणीला उभी. गोळा फुगत होता, पांढरा, गोल, गुळगुळीत. त्यांनी बोलून दाखवल्यापासून मलाही त्यात पाव दिसेना.

"टाक ना वं आत."

"अजून दहा मिनिटं आहेत!" मी खेकसले.

आतल्या खोलीत सासरे खोकले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. दहा मिनिटं मलाही थांबवेना. दिला ओव्हनमध्ये सरकवून.

पाव जरा बसकाच झाला. सासऱ्यांनी दुधात बुडवून दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा मागितला. तेव्हा कुठे सासूबाईंनी पदराखालचे हात बाहेर काढले.