बांधावरची टेनिसवाली आक्का

आमच्या शेजारच्या रानात टेनिसवाली आक्का राहते. देशोदेशी पोटासाठी टेनिस खेळली आणि गुडघा गेल्यावर कुंडलला, माहेरच्या उसात परत आली. पण खेळ काही अंगातून गेला नाही. कुदळ मारताना ती असा काही 'हुंऽ' करते, की आमची म्हैस दचकून दूध चोरते. दोन सऱ्यांतलं तण भांगलून झालं की डोक्यावर टॉवेल घेऊन खुर्चीत बसते, केळं खाते आणि पलीकडच्या टोकाला जाऊन कामाला लागते.

"बाजू बदलायची असती," म्हणते.

"आवं आक्का, ऊन तिकडंबी तेवढंच हाय की!" बाया हसतात.

परवा तिच्या ट्रॅक्टरवाल्यानं नांगरताना आमच्या दोघांमधला बांध वीतभर कोरला. आमच्याकडं बांधावरून डोकी फुटतात. मी बाह्या सरसावून, ठेवणीतल्या शिव्या आठवत पोचलो. आक्का आधीच तिथं वाकून बघत होती. तिनं हात आडवा केला आणि आपल्याच माणसावर ओरडली, "आऊट! रेषेच्या भाईर गेलास. बांध भरून दे."

"आक्का, ह्यांनी कुटं बघितलंय अजून?" तो कुजबुजला.

"मी बघितलं न्हवं?"

मग तळहात टॉवेलला पुसून, सामना संपल्यावर जाळीवरून करतात तसा, तिनं बांधावरून माझ्यापुढं हात केला. आमच्या भावकीत बांधावर हात पुढं येतो तो गचांडी धरायलाच, म्हणून मी आधी मागं सरलो. मग मिळवला.

"चांगलं खेळलास गड्या," आक्का म्हणाली.

ठेवणीतल्या शिव्या तशाच तोंडात घेऊन मी घरी आलो.