ड्रायव्हर नाही, धूर नाही

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. शहाद्याहून तोरणमाळचा घाट त्यांनी उभी हयात चढला. निवृत्तीनंतर जुनी डिझेल जीप घेतली. रोज सकाळी ती सुरू करून मागे जायचे आणि सायलेन्सरपुढे पांढरा रुमाल धरायचे. काळा धूर आला तर नोझल, निळा आला तर ऑइल, असं निदान झाल्यावरच चहा. रुमाल धुवायला अर्थातच आई.

त्यांची नजर अधू झाली होती. घरात सगळ्यांना ते कळत होतं, त्यांना सोडून. जीप चालवू नका म्हटलं की म्हणायचे, "खोट तुमना डोयासमा शे."

एकदा मी फोनवरची बातमी वाचून दाखवली. परदेशात कुठे तरी नियम निघाला होता, की बिनड्रायव्हरची मोटार रस्त्यावर आणायची तर ती धूर न सोडणारीच हवी. वडिलांनी बशी खाली ठेवली.

"ड्रायव्हर बी काढी टाका, धूर बी काढी टाका. मंग गाडीमा ऱ्हायनं काय?"

"प्यासिंजर," मी म्हटलं.

"तोरणमाळना घाट पाठ शे का तिले?"

मी नुकतीच विजेवरची गाडी घेतली होती. म्हटलं, चला, निदान बिनधुराची तरी बघा. ते सवयीनं मागे गेले, रुमाल काढला, वाकून सायलेन्सर शोधला आणि गाडी आजारी असल्यासारखं तोंड करून माझ्या शेजारी बसले.

घाट लागला आणि मी नावापुरती ड्रायव्हर उरले. "हॉर्न दे. आते डावा. दुसरा टाक." हिला गिअर नाहीत हे दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा "टाकला" म्हणून मोकळी झाले. मला दिसायच्या आधी ते वळण, त्यांच्या भाषेत 'वयन', सांगत होते.

"आप्पा, तुमनी नजर ते मन्हापेक्षा तेज शे!" मी चिडवलं.

ते खूश झाले. "आते उजवा मार. रस्ता मोकळा शे."

समोर रस्त्यातच बंद पडलेला लालभडक टेम्पो उभा होता. मी करकचून ब्रेक दाबला.

"का बरं थांबनी?" त्यांनी विचारलं.

टेम्पोतली माणसं खाली उतरून बोलू लागली, तेव्हा आप्पांचा चेहरा उतरला.

"काय शे पुढे?"

"टेम्पो."

त्यांनी रुमालानं समोरची काच पुसून बघितली. मग म्हणाले, "बेटा, माले वयनं दिखतस नई. पाठ शेतस. जीप इकी टाक."

याच वाक्यासाठी मी वर्षभर त्यांच्याशी भांडत होते. ते ऐकलं आणि मला फार वाईट वाटलं.