चावी मॅडमच्या मुठीत होती

भुतंखेतं, उतारा, अंगात येणं... आमच्या बौद्धांच्या घरात यातलं काही मानत नाहीत, मीही कधी मानलं नाही. मी चौथी शिकलेली, चारचौघांत बोलायला लाजते. हे कुणाला सांगितलं नाही, म्हणून लिहिते.

पौडच्या अलीकडे एक लॅब आहे, तिथं मी साफसफाई करते. लातूरच्या स्नेहल मॅडम तिथं एका चिपवर काम करायच्या. नखाएवढी चिप, तिच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या सोन्याच्या सुया.

"मावशी, लेझरच्या उजेडाचा एक फटका मारला की सुयांच्या टोकांतून इलेक्ट्रॉन उडतात. फटका इतका छोटा, की त्याच्यापुढं पापणी लवणं म्हणजे युग."

"सोन्याच्या, अन् दिसत न्हाईत? मग मिरवायचं कसं वो?"

मॅडम खूप हसल्या होत्या.

पण इलेक्ट्रॉन काही उडेनात. एक आला की स्क्रीनवर एक ठिपका उमटतो, असं त्या सांगायच्या, स्क्रीन काळीच. एकेक चिप जळत गेली. शेवटची मशीनमध्ये बसवली, तीही गप्प. ती चालली नाही तर दिवाळीनंतर मशीन दुसऱ्यांना, आणि मॅडम घरी. "आईनं स्थळं बघून ठेवलीयत," म्हणाल्या.

खंडेनवमीला दुपारी सगळ्यांनी मशीनची पूजा केली, पेढे खाल्ले, लेझर बंद करून त्याची चावी मॅडमकडे दिली नि गेले. तिथं धूळ चालत नाही, म्हणून हळदकुंकू, झेंडूच्या पाकळ्या पुसून काढायला मी थांबले. मॅडम चावी मुठीत धरून बसलेल्या.

"मावशी, दिवा घालवा. जरा अंधारात बसू."

बसले... झेंडूचा वास होता. आणि चालूच राहिलेल्या काळ्या स्क्रीनवर एक ठिपका उमटला. मग दुसरा. मग वैशाख सरताना धरणाकाठच्या झाडांवर काजवे येतात, तसे — सगळे मिळून उजळायचे, सगळे मिळून विझायचे.

"मावशी, मोबाइल बंद करा, त्यानं ठिपके येत असतील."

"माजा भायेर कपाटात हाय. तुमी बगा, लेझर चालू ऱ्हायला आसंल."

त्यांनी मूठ उघडली. चावी होती.

घाबरून आम्ही दोघींनी श्वास धरला — ठिपके थांबले. सोडला — परत आले. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्या हसत होत्या.

दसऱ्यानंतर लेझर लावला, तर त्याच गप्प चिपनं स्क्रीन भरून टाकली. मॅडम राहिल्या. मॅडमकडून त्या दुपारचं ऐकून मोठे सर म्हणाले, कुठून तरी उजेड शिरला असेल. मॅडमनी फट न् फट शोधली, सापडली नाही.

मला तर काय कळणार... पण तेव्हापासून ते मशीन पुसताना मी श्वास हळूच सोडते.