आबांचा फेटा आणि सुगरणीची फांदी

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांइतका पाखरांच्या शब्दाबाहेर नसलेला माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा झाला नसेल. भडगावात सारे त्यांना आबा म्हणत. माणसांशी ते जेमतेम बोलत. दारात बगळा उतरला तर मात्र ‘या, बसा’ म्हणत. एका वर्षी शेतात टिटवीची अंडी सापडली, तर तेवढा तुकडा सोडून त्यांनी भोवती ज्वारी पेरली. “तिची पेरणी आपल्या आधीची,” म्हणाले. गिरणा नदीवर फिरायला जाताना छत्री नेत, पण उघडत नसत. फटकन उघडली की पाखरं बिचकतात. तीन छत्र्या त्यांनी अशा न उघडताच जुन्या केल्या.

एकदा आश्विनात मी बहिणीकडे गेलो होतो. आबांच्या धाकट्या मुलीला पाहायला त्या दुपारी सोनगीरचे पाहुणे यायचे होते, आणि सकाळपासून वादळी पावसाने नुसता धुमाकूळ मांडला होता. “अशा वाऱ्यात पाखरं कसा तग धरतात ते बघून येतो,” म्हणत आबा नवा फेटा बांधून निघाले. बहीण मला म्हणाली, “जा बाबा, वेळेवर परत आण त्यांना!”

नदी गढूळ होऊन फुगली होती. बगळे वाऱ्याकडे तोंड करून, माना आखडून उभे. एका खुंटावर खंड्या मासे विसरून गप्प बसलेला. आबा प्रत्येकापाशी थांबून हळहळत होते. पुढे बाभूळबनात शिरलो, तोच कडाड् आवाज झाला. पाण्यावर झुकलेली एक फांदी अर्धी मोडून लोंबू लागली. तिला सुगरणीची सहा-सात घरटी होती आणि आतून पिल्लांचा कालवा चालला होता. आबांनी छत्री माझ्या हातात दिली, फेटा सोडला आणि साठीचा तो माणूस काट्यांतून सरसर वर चढला.

“आबा, पाहुणे येतील!” मी खालून ओरडलो.

“पाहुण्यांना घर आहे,” वरून उत्तर आलं. अख्खा फेटा गुंडाळून त्यांनी फांदी खोडाशी आवळली.

पण नदीच्या वाटेने ओलाचिंब, बोडक्या डोक्याने येणारा माणूस म्हणजे त्या काळी एकच अर्थ: मसणातून आला. वेशीपाशीच एका म्हातारीने हंबरडा फोडला, “आबा, काय व्हयनं? कोन गयं?”

“कोनी नही गयं. बठ्ठा जित्ता शेतस!” सगळी पिल्लं जिवंत आहेत या आनंदात आबा म्हणाले. दुःखाने भ्रमिष्ट झाले असं समजून दहा-बारा माणसं मान खाली घालून आमच्यामागे चालू लागली.

ती मिरवणूक दाराशी आली आणि ओसरीवरचे पाहुणे उठूनच उभे राहिले. मी घाईघाईने खुलासा केला, तरी मुलाचे वडील जोडे शोधू लागले. “आजचा दिवस राहू द्या. पुन्हा बघू.” बहिणीचे डोळे भरून आले. आबांनी बोडक्या डोक्यावरून हात फिरवला आणि पहिल्यांदाच ते ओशाळले.

तेवढ्यात पोह्यांच्या बश्या घेऊन मुलगी दारात आली. तिने मान वर करून विचारलं, “आबा, पिल्लं वाचली?”

आणि आतापर्यंत तोंडातून ब्र न काढलेला मुलगा म्हणाला, “फांदी केवढी होती? फेटा पेलेल ना?”

वडिलांनी मुलाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि हळूच पुन्हा बसले. मार्गशीर्षात लग्न झालं.

पुढे आबांची दृष्टी गेली. मी भडगावला गेलो की त्यांना गिरणेच्या काठी नेऊन बसवायचो. मी रंग आणि चोच सांगायची, त्यांनी नाव सांगायचं. एकदा काठ अगदीच सुना होता. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी मनानेच एक पाखरू रचलं: निळी मान, पिवळे पाय, डोक्यावर पांढरा तुरा. आबांनी मान तिकडे वळवली. मग माझा हात दाबून कुजबुजले, “असं पाखरू मी जन्मात पाहिलं नाही. हळू बोल, उडून जाईल.”