ठीक नसलेला बॉयलर

त्या म्हाताऱ्या फिटरचा मला आधी रागच यायचा. बोईसरच्या आमच्या कारखान्यात जुनी रेल्वे इंजिनं दुरुस्त होतात. कुठला भाग कुठून काढून कुठे बसवला, त्याची यादी मी ठेवते. फिटरचा माझ्या यादीवर काडीचा विश्वास नव्हता. प्रत्येक भागावर हातोडी मारायचा आणि मान कलती करून ऐकायचा. चहाचा ग्लाससुद्धा नखाने वाजवून घ्यायचा. "बाई, कागद बोलत नाय. लोखंड बोलतं."

केळव्याच्या एका रिसॉर्टसाठी त्याने सहा महिने खपून वाफेचं छोटं इंजिन उभं केलं. मागच्या डब्यांत पोरं बसवून ते बागेत फिरवायचं होतं. शेवटच्या दिवशी त्याने बॉयलर पुन्हा एकदा ठोकला. आवाज बद्द आला.

"आत तडा हाय, शेठ. दुसरा बॉयलर लावू."

"आता? रविवारी उद्घाटन आहे! रंग फास आणि गप्प बस." कारखान्याचे मालक असलेले शेठ माझ्याकडे वळले. "बॉयलर ठीक, असं लिहा."

आणि मी लिहिलं. शेठपेक्षा त्या हाताचा मला आजही जास्त संताप येतो.

फिटरने ते वाचलं. गॅस कटर पेटवला आणि स्वतः घासूनघासून चकचकीत केलेल्या त्या बॉयलरला ताटाएवढं भोक पाडलं. शेठ शिव्या देत धावले. तो चष्मा पुसत माझ्या टेबलापाशी आला.

"आता लिवा, बाई. ठीक नाय."