दवाखान्याला जामीन पंचफुलाबाई

आमच्या सरकारी दवाखान्याचे कारकून नागोराव यांना उसनवारीचं नावही खपत नाही. मी तिथं गोळ्या वाटतो, माझं टेबल त्यांच्या शेजारी. पण एवढ्या वर्षांत त्यांनी माझं पेनसुद्धा मागितलेलं नाही. त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतात राबले, मिंधेपणा जवळून पाहिला, त्याचा हा परिणाम. "आमच्या घरात उधारी चालत नाई," हे दर चहाला ठरलेलं. माणूस सोन्यासारखा, पण ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

अशा माणसावर कर्ज मागायची वेळ आणली ती दवाखान्यानं. जुना जनरेटर कायमचा बसला आणि आदिलाबादहून जिल्ह्याच्या तेलुगू साहेबांनी बजावलं, "महिनाभरात विजेची सोय करा, नाहीतर बाळंतपणाची खोली बंद." बंद म्हणजे बायांनी कळा सोसत आदिलाबाद गाठायचं. वरून मंजुरी येईल तेव्हा येईल, आणि दवाखान्याच्या समितीकडं होते ते पैसे डागडुजीपुरते.

नागोरावांनी आयुष्यातला पहिला कर्जाचा अर्ज लिहिला आणि तारण म्हणून काय दाखवलं, तर दवाखान्याची इमारत! बँकेचा मॅनेजर पोट धरून हसला. "नागोरावजी, कल किस्त नहीं आई तो हम क्या करें? बैठके सुई लगाएँ?" मग त्यानं नीट समजावलं. इमारत सरकारची, ती गहाण पडत नाही. आणि समितीला कर्ज काढायचा अधिकारच नाही. बायांच्या बचत गटाला मात्र बँक आनंदानं देते. गटानं जनरेटर घ्यावा, समितीनं महिन्याला किराया द्यावा, त्याला कुणाची आडकाठी नाही.

म्हणजे आता बायांपुढं हात पसरायचा! नागोरावांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. मी त्यांना जवळजवळ ढकलतच गटाच्या बैठकीला नेलं.

आमच्या आधी बातमी पोचली होती. गटाच्या अध्यक्ष तुळजाबाई भाजीचा मळा करतात, आवाज सगळ्या बाजाराला पुरेल असा. त्या कडाडल्या, "काऊन हो, दवाखाना गहाण टाकून राह्यले म्हणे?" मी घाईघाईनं सारं सांगितलं. बाया आपसात बोलल्या आणि तयार झाल्या. फक्त गटाचा एक रिवाज होता: हप्ता थकला तर भरणारा एक जामीन पाहिजे.

"मी आहे ना," नागोराव छाती काढून म्हणाले.

"तुमची जमानत कशी घ्याव? तुमी कदी घेतलं नाई, कदी फेडलं नाई. आमाले तुमचा काय अनुभव?" तुळजाबाई म्हणाल्या. "पंचफुलाबाईची चालते."

मागच्या रांगेतून नागोरावांच्या बायको पंचफुलाबाई पदर सारखा करत उठल्या. त्या गटात आहेत हे नागोरावांना ठाऊक होतं. तिथं बाया गप्पा मारतात अशी त्यांची समजूत होती.

"पोराची फी, घरावरचे पत्रे, सारं इथूनच नेलं तिनं," तुळजाबाई म्हणाल्या. "अन् येळेवर फेडलं."

नागोराव बायकोकडं वळले.

"पगारात भागते असं तुमाले वाटे," पंचफुलाबाई हळूच म्हणाल्या, "म्या वाटू देल्लं." मग बायांकडं वळून ठणकावलं, "दवाखान्यानं नाई भरलं त मी भरीन." आणि सही केली.

मला त्या क्षणी नागोरावांची दया आली, आणि खरं सांगतो, हेवाही वाटला.

महिना सरायच्या आत साहेब तपासणीला आले. खोली चालू, आत एक बाळंतीण, बाहेर नवा जनरेटर. "इदि एवरिदि?" हा कुणाचा, असं त्यांनी तेलुगूत विचारलं. कराराचा कागद नागोरावांच्या हातातच होता आणि तेलुगू ते फर्डं बोलतात. पण त्या दिवशी मराठीतच सुटले.

"गटाचा आहे साहेब. माझ्या बायकोच्या भरवशावर भेटला. ही खोली तिच्या भरवशावर चालून राह्यली. अन् माझं घर बी तिच्याच भरवशावर चाललं, मलेच मालूम नव्हतं."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी ते सगळं तेलुगूत सांगितलं, एक शब्दही न गाळता.