पट्ट्याचं मशीन

जयवंतमामा मुलुंडला भाऊरावांच्या लाऊडस्पीकरच्या दुकानात कामाला होता. लग्न असो, पूजा असो, तबकडी लावायची ती मामानेच. सत्त्याऐंशी साली दुबईहून कुणीतरी आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर त्याने एक माणूस पाहिला. तो फिरती तबकडी बोटांनी मागेपुढे ओढत होता आणि सुईखालून चिकचिक ताल निघत होता. मामाला ते शिकायचं होतं. दुकानाच्या मशीनवर असले खेळ भाऊरावांना चालले नसते. वर्षभर पैसे साठवून तो स्वतःचं मशीन घ्यायला निघाला. मी एम.ए. करत होते, लायब्ररीतून अशा मशीनांवरचं एक इंग्रजी मासिकही आणलं होतं, म्हणून मला सोबत नेलं.

वाकोल्यात जुन्या सामानाच्या दुकानात परवडणारी दोनच मशीनं होती. एक जड, रंग उडालेलं, आतल्या रबरी चाकावर फिरणारं. दुसरं पट्ट्यावर फिरणारं, चकचकीत, काचेसारखं झाकण असलेलं. मामाने दोन्ही तळव्याने थांबवून सोडून पाहिली. जडवालं हात उचलताच पळायला लागलं.

"हे झकास आहे गं, उत्तरा."

"शी! हे घेऊन सोसायटीत शिरायचं? आणि मासिकात पट्ट्याचंच चांगलं म्हटलंय. घरघर कमी."

मासिक निवांत गाणी ऐकणाऱ्यांसाठी होतं. तबकडी हाताने ओढण्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मला ते माहीत होतं.

मामा जड मशीनच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग हसला. "तू शिकलेली. मी दहावीला दोनदा आपटलेला. तू म्हणशील ते."

घरी तबकडी मागे ओढून सोडली की पट्टा घसरे. आवाज झोपेतून उठल्यासारखा येई, तोवर ताल निघून गेलेला असे. आठवड्याने मामा बदलून मागायला गेला. जड मशीन विकलं गेलं होतं आणि दुकानदार हे परत घेईना.

आई त्याची थोरली बहीण. ती भडकलीच. "वर्षभराचे पैसे घातलेस! कोणी सांगितलं होतं हे घ्यायला?"

"कोण सांगणार, अक्का? मलाच त्याचं झाकण आवडलं."

"झाकण! लाऊडस्पीकरवाला ना रे तू?"

मामाचे कान लाल झाले. मशीनच्या बाबतीत घरात आजवर कुणी त्याला बोललं नव्हतं. माझ्याकडे चुकूनही न बघता तो म्हणाला, "वाट लागली खरी."

मी मेथी निवडत होते. सगळी निवडून झाली, तरी काड्यांत पानं शोधत राहिले.